गारठलेल्या छोट्या बाथरूमच्या भिंती: इंग्लंडातल्या जुन्या टेरेस घरात आतून इन्सुलेशन कसं करावं

इंग्लंडात पहिलं घर घेणाऱ्या बऱ्याच मराठी कुटुंबांच्या वाट्याला व्हिक्टोरियन किंवा एडवर्डियन टेरेस येतं. शंभराहून जास्त वर्षांचं, विटांचं, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेलं. ही घरं बांधली तेव्हा संडास मागच्या अंगणात असायचा. बाथरूम नंतर कधीतरी घराच्या मागच्या निमुळत्या भागात, स्वयंपाकघराच्या वर किंवा पलीकडे, कोंबली गेली. त्यामुळे घरातली सगळ्यात छोटी खोली दोन-तीन बाजूंनी उघड्यावर पडते, आणि अंगावरचे कपडे काढून उभं राहायचं ते नेमकं तिथेच.

हीटर वाढवून हे भागत नाही. हवा तापते, भिंत गारच राहते, आंघोळीची वाफ त्या गार भिंतीवर पाणी होऊन बसते आणि जानेवारीपर्यंत कोपऱ्यात काळी बुरशी दिसू लागते. उपाय भिंतीतच करावा लागतो, आणि तो करायची वेळ एकच: जुन्या टाइल निघालेल्या आहेत आणि नव्या अजून लागलेल्या नाहीत तेव्हाची. आम्ही आमची बाथरूम अशीच उकरून काढली. त्यावेळी बिल्डर एक सांगायचा, दुकानदार दुसरं आणि शेजारी तिसरंच. तो गोंधळ तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. छोट्या बाथरूममध्ये जाडीच्या मागे लागू नका. पातळ चालेल, पण ते कुठेही तुटलेलं नको. तीन भिंतींवर जाड बोर्ड आणि खिडकीच्या कडा उघड्या, हे काम न केलेलंच बरं.

१. भिंत कोणत्या जातीची आहे ते ओळखा

बाहेर जाऊन विटा बघा. लांब-आखूड, लांब-आखूड अशी रचना दिसली तर भिंत भरीव आहे, म्हणजे दोन विटा एकमेकींत गुंतवून बांधलेली. सगळ्या विटा लांबच दिसत असतील तर बहुधा मध्ये पोकळी असते. खात्रीसाठी खिडकीपाशी जाडी मोजा. गिलाव्यासकट साधारण २४०-२५० मिमी भरली तर भरीव, २७० च्या पुढे गेली तर पोकळीची. १९२० पूर्वीची बहुतेक टेरेस भरीव भिंतींचीच आहेत.

पोकळी निघाली तर आधी ती बाहेरून भरून घेता येते का ते पाहा, आतली जागा वाचेल. भिंत गिलाव्यासकट जेमतेम १२०-१३० मिमी भरली तर ती एकाच विटेची आहे. मागच्या जोडकामात अशा भिंती सापडतात आणि त्यांतून गारठाही जास्त येतो आणि पाऊसही. तिथे हाताने करण्याचा हा उद्योग करू नका, जाणकाराला बोलवा.

इन्सुलेशन फक्त बाहेरच्या भिंतींना करायचं. शेजाऱ्याच्या घराला लागून असलेली भिंत आणि आतल्या खोल्यांच्या भिंती सोडा. दोन्हीकडे ऊब असते, तिथे बोर्ड लावणं म्हणजे जागा वाया घालवणं. एखादा बिल्डर चारही भिंतींचा भाव देतो. त्याला बाहेरच्या भिंती कोणत्या ते बोट दाखवून सांगा.

२. ओल कुठून येते ते शोधा, आणि आधी ती थांबवा

ही पायरी गाळण्याचा मोह फार होतो, कारण इथे नवं काही दिसत नाही आणि पैसे जातात. पण ओल्या भिंतीवर इन्सुलेशन लावलं की विटा आतल्या उबेला मुकतात, आणखी गार होतात आणि पूर्वीपेक्षा हळू वाळतात. ओल तशीच, फक्त आता ती तुम्हाला दिसत नाही.

जोराचा पाऊस लागला की छत्री घेऊन मागच्या अंगणात उभं राहा. पन्हळ भरून वाहते का? खाली येणाऱ्या पाइपाच्या जोडाजवळ भिंतीवर हिरवट पट्टा आहे का? विटांमधल्या दरजा पोकळ झाल्यात का? बाथरूम तळमजल्यावर असेल तर बाहेरची जमीन किंवा फरसबंदी भिंतीतल्या ओलप्रतिबंधक थराच्या खाली किमान १५० मिमी आहे ना, हेही बघा. मागच्या मालकाने अंगणात नवी फरशी घालताना हा थर गाडून टाकलेला असणं अगदी नेहमीचं आहे.

वाफेची ओल आणि गळतीची ओल वेगळी ओळखता येते. वाफेची ओल हिवाळ्यात, कोपऱ्यांत आणि खिडकीभोवती पसरट येते. गळतीचा डाग एका जागी असतो आणि पाऊस पडून गेल्यावर गडद होतो.

जुन्या विटांच्या दरजा चुन्याच्या असतात, त्या चुन्यानेच भरून घ्या. कडक सिमेंटने भरल्या तर पाणी दरजेतून बाहेर पडायचं थांबतं आणि विटांचे पापुद्रे निघतात. बाहेरून प्लास्टिकसारखा रंग फासून 'वॉटरप्रूफ' करून देणाऱ्यालाही नम्रपणे नको म्हणा. आतून टाइल आणि बोर्ड लागल्यावर भिंतीला वाळायला बाहेरचीच बाजू उरते. दुरुस्तीनंतर भरीव भिंत वाळायला महिने लागतात, म्हणून हे काम उन्हाळ्याच्या सुरुवातीला उरकून आतलं काम शरदात घेणं सोयीचं.

३. फीत घ्या आणि जागेचा हिशेब करा

आता खरी अडचण. इथला साधा बाथटब १७०० बाय ७०० मिमीचा असतो आणि जुन्या घरांतल्या कितीतरी बाथरूम जेमतेम १.७ मीटर रुंद असतात, टब दोन भिंतींच्या मध्ये चपखल बसवलेला. अशा खोलीत एका टोकाला ३० मिमीचा बोर्ड लावलात तर टब आत जाणारच नाही. हे टब घरी येऊन पडल्यावर कळू नये. १६०० आणि १५०० मिमीचे टब मिळतात, आणि टब काढून शॉवरच करायचा असेल तर प्रश्नच मिटतो.

फरशीवर रंगाऱ्याची चिकटपट्टी लावून नव्या भिंतीची रेघ आखा आणि मग एकेक गोष्ट तपासा. दार पूर्ण उघडतं का? कमोडवर बसल्यावर गुडघे कुठे लागतात? मैल्याचा पाइप भिंतीपासून किती अंतरावर आहे, म्हणजे कमोड मागे सरकेल की पुढे येईल? खिडकी आत उघडणारी असेल तर ती बोर्डाला अडते का?

जागा परत मिळवायची एक चांगली युक्ती आहे. जुन्या घरांत आतला चुन्याचा गिलावा २० मिमी किंवा त्याहून जाड असतो. तो विटेपर्यंत उतरवला तर ३० मिमीचा बोर्ड चिकटवून खोली १५ मिमीनेच आत येते. जुना गिलावा वाजवून पाहिलात तर बहुतेक ठिकाणी पोकळच वाजतो, त्यामुळे तो काढण्यात फारसं दुःख नसतं. धूळ मात्र आठवडाभर घरभर राहते.

आणि आपल्याकडचा एक प्रश्न याच वेळी सोडवा. घरात कुणाला बादली-तांब्याने आंघोळ लागते का? आई-बाबा भारतातून महिनोन् महिने राहायला येतात का? इथल्या बाथरूमच्या फरशीला मोरी नसते. टबाबाहेर सांडलेलं पाणी थेट लाकडी जमिनीत आणि खालच्या छतात उतरतं. जमिनीवर पाणी ओतून आंघोळ करायची असेल तर उतार, निचरा आणि सगळ्या खोलीचं वॉटरप्रूफिंग आत्ताच ठरवा. टाइल लागल्यावर ते करता येत नाही.

४. जाडी ठरवा

भिंतीतून उष्णता किती निसटते ते यू-व्हॅल्यू या आकड्याने मोजतात. आकडा जितका लहान तितकं बरं. भरीव विटेच्या भिंतीसाठी २.१ हा आकडा हिशेबाला धरतात. समजा १.७ बाय २.१ मीटरची खोली आहे, तिच्या दोन भिंती बाहेरच्या आहेत, आणि खिडकी वजा करून त्या साधारण ८ चौरस मीटर भरतात. बाहेर शून्य आणि आत २० अंश असताना,

- काहीच न लावता सुमारे ३३५ वॉट बाहेर जातात;
- २० मिमीचा एक्सपीएस (दाट पॉलिस्टायरिन फोमचा) बोर्ड लावला तर यू-व्हॅल्यू ०.९ च्या आसपास येते आणि सुमारे १५० वॉट जातात;
- ३० मिमीला ०.७, म्हणजे ११५ वॉट;
- ५० मिमीच्या पीआयआर (जास्त ऊब धरणाऱ्या कडक फोमच्या) बोर्डाला ०.३६, म्हणजे साठेक वॉट.

सगळ्यात मोठा फायदा पहिल्या २० मिमीतच मिळतो. पुढे प्रत्येक मिलिमीटर कमी कमी देत जातो, जागा मात्र तेवढीच खातो.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो भिंतीच्या आतल्या पृष्ठभागाच्या तापमानाचा हिशेब. वरच्याच परिस्थितीत उघड्या भिंतीचा पृष्ठभाग साडेचौदा अंशांच्या आसपास असतो. १० मिमी बोर्डाने तो साडेसोळाच्या थोडा वर जातो, २० मिमीने साडेसतरापर्यंत. आता आंघोळीनंतर हवेतली आर्द्रता ८० टक्के झाली तर २० अंशांच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी होतं तो आकडा, साडेसोळाच्या जवळ असतो. म्हणजे उघड्या भिंतीवर पाणी जमणारच, १० मिमीला सगळं काठावर, आणि २० मिमीला भिंत कोरडी. बुरशीचं भांडण या दोन-तीन अंशांतच जिंकायचं असतं.

नियम काय म्हणतो? इंग्लंडच्या बांधकाम नियमांच्या एल भागानुसार बाहेरच्या भिंतीचं निम्म्याहून जास्त नूतनीकरण केलं तर तिचं इन्सुलेशनही सुधारावं लागतं, आणि आतून करायचं तर लक्ष्य ०.३० असतं. इथे लोक फसतात, कारण आतला गिलावा उतरवला तर 'भिंत' म्हणजे त्या खोलीतली बाहेरची भिंत धरतात, सगळं घर नाही. बाथरूमची एक भिंत खरवडली की तुम्ही नियमात आलात. पण सवलतही आहे: ०.३० गाठण्यासाठी खोलीची जमीन ५ टक्क्यांहून जास्त कमी होणार असेल, किंवा खर्च १५ वर्षांत भरून निघणार नसेल, तर कमी इन्सुलेशन मान्य होऊ शकतं. आपल्या उदाहरणात ०.३० साठी पीआयआर, प्लास्टरबोर्ड आणि चिकटवण मिळून ८० मिमी लागतात; दोन भिंतींना तेवढे दिले तर खोलीची ८ टक्के जागा जाते. हा हिशेब कागदावर मांडून काम सुरू करण्याआधीच कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलशी, म्हणजे बांधकाम नियम तपासणाऱ्या विभागाशी बोला.

५. कागदपत्रं आणि परवानग्या

फ्लॅट लीजहोल्ड (दीर्घ भाडेपट्ट्यावरचा) असेल तर फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाची लेखी परवानगी लागते. इमारत लिस्टेड (वारसा म्हणून संरक्षित) असेल तर आतल्या गिलाव्यालाही हात लावण्यापूर्वी कौन्सिलला विचारा. बाकीच्यांनी ही फाइल तयार ठेवावी:

- कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला दिलेली बिल्डिंग नोटीस आणि शेवटी मिळणारं पूर्णत्वाचं प्रमाणपत्र
- खोलीचा मापांसह नकाशा, आधीचा आणि नंतरचा
- बोर्डाच्या उत्पादकाचं माहितीपत्रक, ज्यात जाडी आणि उष्णतावहन लिहिलेलं असतं
- नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनचं प्रमाणपत्र. बाथरूममध्ये टब-शॉवरभोवतीच्या भागात केलेलं वायरिंगचं काम बांधकाम नियमांच्या पी (विजेच्या) भागाखाली येतं
- बॉयलरला हात लावला तर गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाचा कागद
- खिडकी बदलली तर फेन्साचं (खिडक्या बसवणाऱ्यांच्या नोंदणी योजनेचं) प्रमाणपत्र

घर विकताना समोरच्याचा सॉलिसिटर हे सगळं मागतो. त्या वेळी जुना इलेक्ट्रिशियन फोन उचलत नाही.

पैशांबद्दल एक गोष्ट. ग्रेट ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२७ या काळात कंत्राटदाराने घरात बसवून दिलेल्या इन्सुलेशनवर व्हॅट शून्य आहे. तेच बोर्ड तुम्ही स्वतः दुकानातून आणलेत तर २० टक्के. मात्र सगळी बाथरूम एकाच कंत्राटात नव्याने करताना इन्सुलेशन हा त्यातला किरकोळ भाग धरला जाऊ शकतो, म्हणून अंदाजपत्रकात त्याची ओळ वेगळी लिहून घ्या आणि व्हॅट कसा लावणार ते आधी विचारा.

६. काय काय आणायचं

शॉवर-टबाच्या भिंतींसाठी माझी पसंती एक्सपीएसचा गाभा आणि दोन्ही बाजूंना जाळी-सिमेंटचा थर असलेल्या टाइल-बोर्डांना. साधारण १२०० बाय ६०० मिमीचे येतात, जिन्यावरून एकटा माणूस नेऊ शकतो, साध्या कटरने कापले जातात, आणि पाण्याने बिघडत नाहीत. पीआयआर बोर्ड त्याच जाडीत जास्त ऊब धरतो, पण त्यावर प्लास्टरबोर्ड किंवा सिमेंट बोर्ड लागतोच, म्हणजे जाडी पुन्हा वाढली. हिरवा प्लास्टरबोर्ड ओलाव्याला तग धरतो, पाण्याला नाही. शॉवरमागे तो नुसता लावू नका. लाकडाच्या तंतूंचे बोर्ड आणि चुन्याचा गिलावा हा जुन्या भिंतींसाठी सुंदर मार्ग आहे, पण टाइल लागणाऱ्या ओल्या कोपऱ्यात त्याचा श्वास कोंडतो.

बोर्डांशिवाय: सिमेंटचं लवचिक टाइल अॅडहेसिव्ह, दातेरी करणी, मोठ्या वॉशरचे धातूचे फिक्सिंग, जोडांवर लावायची जलरोधक पट्टी, टँकिंगचा (टाइलखाली द्यायचा जलरोधक) लेप, अॅक्रिलिक प्रायमर, कमी फुगणारा फोम, अॅल्युमिनियमची चिकटपट्टी, लांब लेव्हल, हॅमर ड्रिल. तोंडाला चांगला धूळरोधक मास्क. कापडी फडकं बांधून भागणार नाही.

७. तोडफोड, पण आधी अॅसबेस्टॉसची तपासणी

ब्रिटनमध्ये अॅसबेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ साली आली. त्यामुळे २००० पूर्वीच्या कोणत्याही कामात तो असू शकतो: छतावरचा आर्टेक्स नावाचा नक्षीदार लेप, जुन्या प्लास्टिकसदृश फरशा, पाइप झाकायचे बोर्ड, टबाचं पॅनेल, अगदी कमोडची काळी टाकीसुद्धा. नमुना प्रयोगशाळेत तपासून मिळतो. निकाल येईपर्यंत काहीही फोडू नका, घासू नका.

मग पाणी बंद, वीज बंद, टाइल आणि गिलावा खाली. विटा उघड्या झाल्या की त्यांच्या भेगांतून येणारा वारा हाताला जाणवतो. म्हणून बोर्डापूर्वी विटांवर गिलाव्याच्या मसाल्याचा पातळ, सलग हात फिरवून घ्या. बिल्डर याला कंटाळा करतात. करायलाच लावा: यामुळे हवा अडते आणि बोर्ड चिकटवायला सपाट पृष्ठभागही मिळतो.

वरच्या मजल्यावरची बाथरूम असेल तर जमिनीच्या दोन फळ्या उचलून लाकडी तुळयांची भिंतीत घुसलेली टोकं बघा. पेचकस टोचून पाहा. मऊ लागलं तर सुताराला बोलवा. ही टोकं गार भिंतीतच राहणार आहेत आणि इन्सुलेशननंतर भिंत आणखी गार होणार. बेताची जाडी बरी म्हणते त्यामागे हेही एक कारण आहे.

८. पाइप आणि वायरी

पाण्याचा कोणताही पाइप इन्सुलेशनच्या मागे, विटेच्या बाजूला जाता कामा नये. पूर्वी खोलीची थोडी ऊब त्याला मिळायची, आता मिळणार नाही, आणि पहिल्या कडक थंडीत तो गोठून फुटेल. शॉवरचा मिक्सर आणि त्याचे पाइप शक्यतो आतल्या भिंतीवर घ्या. छोट्या खोलीत शॉवरची बाजू बदलणं अवघड वाटतं, पण तोडफोड झालेलीच असते तेव्हा खर्च फारसा वाढत नाही.

वायरींचे दोन सापळे. इन्सुलेशनमध्ये गाडलेली वायर तापते, तिची क्षमता घटते. साडेआठ-नऊ किलोवॉटच्या इलेक्ट्रिक शॉवरच्या वायरीला हे अजिबात चालत नाही. दुसरं, पीव्हीसीचं आवरण पॉलिस्टायरिनला चिकटून राहिलं तर काही वर्षांत कडक होऊन तडकतं, आणि एक्सपीएस हे पॉलिस्टायरिनच आहे. वायर कॉन्डुइटमधून, म्हणजे वेगळ्या नळीतून न्या. इलेक्ट्रिशियनशी हे बोर्ड लागण्यापूर्वी बोला. आणि हो, छोट्या बाथरूममध्ये साधं सॉकेट बसवता येत नाही. भारतातल्यासारखं वॉशिंग मशीन तिथे ठेवायचा बेत असेल तर तो सोडा.

याच टप्प्यावर ठरवा की बेसिन, रेडिएटर, टॉवेलची दांडी आणि वयस्कांसाठी धरायचा दांडा नेमका कुठे येणार. फोमचा बोर्ड वजन पेलत नाही. त्या जागी बोर्डाऐवजी १८ मिमीचा प्लायवूड बसवा आणि त्याच्या मागे मावेल तेवढं इन्सुलेशन द्या, किंवा विटेपर्यंत जाणारे लांब फिक्सिंग वापरा. मग फीत भिंतीला धरून प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. पुढे ड्रिल मारताना हेच फोटो उपयोगी येतात.

९. बोर्ड लावणं

बोर्डाच्या मागे पूर्ण भिंतभर अॅडहेसिव्ह पसरा आणि दातेरी करणी फिरवा. प्लास्टरबोर्डवाले करतात तसे मधे मधे गोळे ठेवून बोर्ड दाबू नका. गोळ्यांमध्ये पोकळी राहते, तिथे खोलीतली दमट हवा शिरते, आणि इन्सुलेशनच्या मागे गार विटेवर पाणी साचत राहतं.

खालच्या ओळीपासून सुरुवात करा, जोड एकावर एक येऊ देऊ नका. अॅडहेसिव्ह वाळल्यावर वॉशरसह धातूचे फिक्सिंग मारा. फटी फोमने भरा, मग जोडांवर आणि फिक्सिंगच्या डोक्यांवर जलरोधक पट्टी. पीआयआर वापरत असाल तर त्याचा चंदेरी थर हाच बाष्परोधक असतो, त्यामुळे प्रत्येक जोडावर आणि प्रत्येक छिद्राभोवती अॅल्युमिनियमची पट्टी लागलीच पाहिजे.

कुठे जुना गिलावा ठेवून त्यावर बोर्ड लावत असाल तर तो जिप्समचा आहे का ते बघा. जिप्सम आणि सिमेंटचं अॅडहेसिव्ह यांची थेट गाठ पडली तर मधला थर सुटतो. मध्ये अॅक्रिलिक प्रायमर हवा. 'पीव्हीए (पांढरा गोंद) मार, चालतं' असं हमखास ऐकू येईल. टाइलखाली पीव्हीए चालत नाही, ओल लागली की तो पुन्हा मऊ होतो.

१०. कडा, कोपरे आणि खिडकी

बुरशी परत येते ती इथूनच. भिंतीचा मधला भाग उबदार झाला की वाफ उरलेल्या गार जागा शोधते: खिडकीच्या चौकटीभोवतीची कड, खिडकीपट्टीच्या खाली, भिंत आणि छत मिळतात तो कोपरा, टबाच्या मागची कुणाला न दिसणारी जागा. टब बसल्यावर दिसणार नाही म्हणून बोर्ड टबाच्या काठापर्यंतच आणून थांबवणारे कारागीर पुष्कळ आहेत. बोर्ड थेट जमिनीपर्यंत न्या.

खिडकीच्या कडांना किमान १०-२० मिमीचा बोर्ड हवाच. चौकट अरुंद असेल तर तिथला गिलावा विटेपर्यंत काढून जागा करा. खिडकी बदलणारच असाल तर ती आधी बदला, म्हणजे चौकट बोर्डाच्या हिशेबाने निवडता येते.

जमिनीच्या फळ्या उघड्याच आहेत तर भिंतीलगत तुळयांच्या मध्ये खनिज लोकर भरून घ्या. छतावर पोटमाळा असेल तर तिथल्या इन्सुलेशनचा थर भिंतीच्या माथ्यापर्यंत येतो का तेही पाहा. मागच्या भागाला उतरतं छप्पर असेल तर बहुधा तिथे काहीच नसतं, आणि भिंतीपेक्षाही जास्त ऊब तिथून जाते. छत उघडायची संधी पुन्हा मिळणार नाही.

११. टँकिंग आणि टाइल

बोर्ड जलरोधक असला तरी त्याचे जोड जलरोधक नसतात. शॉवर आणि टबाभोवती टँकिंगचा लेप द्या, कोपऱ्यांत पट्टी बसवून. टाइलचं वजन लक्षात घ्या: प्लास्टरबोर्ड चौरस मीटरला ३२ किलोपर्यंत पेलतो, साधा गिलावा २० किलोपर्यंत, आणि यात अॅडहेसिव्ह-ग्राउटही आलं. मोठ्या दगडी फरशा भिंतीवर चढवण्याची हौस असेल तर बोर्डाचं माहितीपत्रक वाचून मगच ऑर्डर द्या. बाकी टाइलकाम नेहमीसारखंच.

१२. पंखा आणि ऊब

इन्सुलेशनने वाफ कमी होत नाही, ती फक्त भिंतीवर बसत नाही. ती बाहेर काढायला पंखा लागतो. बांधकाम नियमांच्या एफ (हवा खेळण्याच्या) भागानुसार थांबून-थांबून चालणाऱ्या बाथरूमच्या पंख्याने सेकंदाला १५ लिटर हवा ओढली पाहिजे. खोक्यावर लिहिलेला आकडा लांब, वाकड्यातिकड्या लवचिक पाइपाने सहज अर्धा होतो, म्हणून पाइप शक्य तितका आखूड आणि सरळ. तो थंड पोटमाळ्यातून जात असेल तर त्यालाही इन्सुलेशन, नाहीतर आतली वाफ पाणी होऊन पंख्यातून टपकते. दाराखाली १० मिमीची फट ठेवा. बाहेरची हवा आत आलीच नाही तर पंखा नुसता घोंघावतो. आर्द्रता पाहून आपोआप सुरू होणारा पंखा घ्यावा, कारण थंडीत आवाज करणारा पंखा घरातलं कुणीतरी बंद करतंच.

रेडिएटरचा हिशेब नव्या भिंती धरून करा. चकचकीत क्रोमची टॉवेल-शिडी त्याच मापाच्या पांढऱ्या शिडीपेक्षा कमी ऊब देते, आणि टॉवेल टाकल्यावर आणखी कमी.

आर्द्रता दाखवणारं साधं यंत्र पहिला हिवाळाभर खोलीत ठेवा. आंघोळीनंतर आकडा चढेल, पण तासाभरात तो ६० च्या आसपास उतरायला हवा. उतरत नसेल तर आधी पंख्याच्या तोंडाला कागदाचा कपटा धरून बघा. कपटा चिकटून राहिला नाही तर पाइप तपासा, मग बाहेरची झडप. एखाद्याच कोपऱ्यात काळे ठिपके दिसले तर तिथे बोर्डांच्या जोडात फट राहिलेली असते. बिल्डरचा शेवटचा हप्ता हातात असतानाच त्याला ती दाखवा.